दर्या खोडून समुद्र

रशीद, बसस्टँडसमोर तुझं फ्लेक्स लागलं आहे. फोटो आधार कार्डावरचा असावा. मोठा करताना तो असा विस्कटला की तू चिडल्यासारखा दिसतोस, आणि तुला चिडलेलं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. खाली तुझं नाव, नावापुढे कंसात 'वडावाले चाचा', आणि त्याखाली श्रद्धांजली वाहणाऱ्या अकरा जणांचे हसरे चेहरे. ज्या माणसानं बारा वर्षं प्लास्टिक प्लास्टिक करून गावाचं डोकं खाल्लं, त्याला गावानं प्लास्टिकवर छापून निरोप दिला. कुणाला काही खटकलं नाही. काल एकानं मला थांबवून विचारलं, सर, फ्लेक्स चांगलं झालं ना? मी म्हणालो, चांगलं झालं.

आज तुला जाऊन बारावा दिवस. तुमच्यात बारावं नसतं, मला माहीत आहे. पण मी आमच्या सवयीनं दिवस मोजत आलो आणि आज लिहायला बसलो. कंसातलं ते नाव कुणी ठेवलं हे गाव विसरलं आहे. तू विसरला नव्हतास. एकदाही बोलून दाखवलं नाहीस, हा तुझा मोठेपणा असेल, पण त्या मोठेपणाचा मला आता फार राग येतो. तू एकदा तोंडावर शिवी दिली असतीस तर मी कदाचित सुधारलो असतो.

हैदराबाद रोडवरचं तुझं वर्कशॉप म्हणजे पांढरकवड्यातलं माझं दुसरं घर होतं. तू ट्रकचे कमानपाटे बसवायचास, मी शाळेत मराठी शिकवायचो. संध्याकाळी ट्रकची काढून ठेवलेली सीट बाकासारखी टाकून आपण चहा प्यायचो. घरंही एकाच गल्लीत, नाल्याच्या काठाला. वय सारखं, तरी तू मला 'मास्तर, तुमी' म्हणायचास आणि मी तुला 'तू'. चाळीस वर्षांत मी एकदाही म्हटलं नाही, की अरे, तूही मला अरेतुरे कर. माझी बायको सुधा नागपूरच्या दवाखान्यात होती तेव्हा वर्कशॉपला कुलूप लावून तू नऊ दिवस माझ्याबरोबर बाहेरच्या फरशीवर झोपलास. ती गेली, तेव्हा सगळे मला धीर द्यायला बोलत होते आणि एकटा तू गप्प बसून होतास. मला त्या गप्प बसण्यानंच तगवलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. पुढचं तर त्याहून सांगायचं राहिलं आहे.

तुझ्या डोक्यात समुद्र शिरला तो अप्पारावमुळे. हा आंध्रचा ड्रायव्हर, त्याची गाडी तू भर उन्हात रस्त्यातच दुरुस्त करून दिलीस, आणि तो तुला बहिणीच्या लग्नाला त्याच ट्रकमधून घेऊन गेला. त्याचं गाव गोदावरी जिथं समुद्राला मिळते तिथलं. आपल्यापैकी कितीकांनी समुद्र पाहिला आहे? मी सहलीच्या पोरांबरोबर एकदा मुंबईला, तोही गर्दीतून. तू परत आलास आणि चार दिवस वर्कशॉपमध्ये कुणाशी धड बोलला नाहीस. पाचव्या दिवशी चहा ठेवलास आणि सांगायला लागलास.

वाळूत एक मोठं कासव मरून पडलं होतं. तिथं गावातल्याच पोरीबाळी किनाऱ्यावर फिरून मेलेली कासवं मोजतात, ती का मेली ते पाहतात आणि वर लिहून कळवतात. त्यांना कुणी नेमलेलं नाही. त्यांनी ते पोट उघडलं. "मास्तर, आपल्या परातीएवढं जनावर," तू म्हणालास, "अन् पोटात थैल्याच थैल्या. त्याले वाटलं खायची चीज हाये." त्यातली एक पिशवी तू धुऊन घेतलीस आणि मोबाइलवर तिचा फोटो काढलास. पिशवी पांढरी होती. लाल अक्षरं झिजली होती. वाचता येत होतं ते एवढंच: 'वडा'.

ते आपलं पांढरकवडा आहे, असं तुझं म्हणणं होतं. आपल्या नाल्यातलं पाणी खुनी नदीत, खुनी पैनगंगेत, पैनगंगा वर्धेत, वर्धा प्राणहितेत आणि प्राणहिता गोदावरीत. तू हे सगळं ट्रक ड्रायव्हरांना विचारून, पुलांच्या नावांवरून जुळवलं होतंस. मी पुस्तकातून शिकलो होतो आणि मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

यावरून आपण किती भांडलो. मी म्हणायचो, मध्ये एवढी धरणं आहेत, बंधारे आहेत, एवढा प्रवास पिशवी करेल का? तू म्हणायचास, पुराच्या पाण्याले कोण अडवते? मी म्हणायचो, कुण्या ड्रायव्हरनंच तिथं नेऊन फेकली असेल. तू म्हणायचास, मंग थ्या ड्रायव्हरले थैली कोणं देली? हे भांडण मिटलं नाही. आता मिटवायला तू नाहीस, म्हणून माझ्या बाजूनं मी ते संपवतो. त्या 'व'च्या आधी कागद फाटल्यासारखी पिशवी फाटली होती आणि तिथं एक वळलेली आकडी शिल्लक होती. एकतीस वर्षं मी पोरांची गचाळ अक्षरं वाचली आहेत. ती आकडी 'क'ची होती. फार तर 'फ'ची म्हणता आली असती, आणि फवडा नावाचं गाव मला तरी माहीत नाही. फोटो पाहिला त्या पहिल्याच दिवशी मला ते कळलं होतं.

आणि तरी वॉर्डाच्या सभेत मी ते बोललो. तू पहिल्यांदाच सभेत उभा राहिला होतास. इस्त्रीचा शर्ट, फोटोची मोठी प्रत हातात. नाला नदीला मिळतो तिथं जाळी बसवा, कचरा आपल्या गावातच अडवा, एवढंच तुझं मागणं. लोक ऐकत होते. खरंच ऐकत होते, मी मागे बसून पाहत होतो. कुणीतरी विचारलं, चाचा, पण हे पांढरकवडाच कशावरून? तू माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं, मास्तर सांगतील. आणि मी बसल्या जागेवरून म्हणालो, "बटाटेवडाही असू शकतो."

सभा हसून लोळली. अध्यक्ष हसले. तूही हसलास, फोटो गुंडाळलास आणि खाली बसलास. त्या दिवसापासून तू वडावाला. मी ते का बोललो, हे मी स्वतःला बारा वर्षं विचारतो आहे. मत्सर असेल. भूगोल मला पाठ होता, आणि पाच यत्ता शिकलेल्या मिस्त्रीचं लोक तोंडात बोट घालून ऐकत होते. उत्तर याहून चांगलं सापडत नाही. बाहेर आल्यावर तू एवढंच म्हणालास, "मास्तर, हासले लोक. बरं झालं. झोपले तं नाई." आणि माझ्या स्कूटरवरून मला तुला घरी सोडायला लावलंस.

दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. तू पेंटरांना गाठलंस. दुरुस्तीला येणाऱ्या ट्रकच्या मागे तू लिहवून घेऊ लागलास, 'कचरा इथं, कासव तिथं'. मी म्हणालो, या वाक्यात क्रियापद नाही. तू म्हणालास, "क्रियापद लोकायनं करावं, मास्तर." यावर मी पोट धरून हसलो होतो, आणि आज ते आठवून मला शरम वाटते. ते वाक्य कुठं कुठं फिरलं असेल. ड्रायव्हर येऊन तुला सांगायचे, चाचा, पंजाबात एकानं मतलब विचारला. तुझा चेहरा असा फुलायचा.

मग खुनीवरचा पूल. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत भरून, गाठ मारून, पिशवीसकट नदीत टाकायचं ही आपल्याकडची रीत. देवाची फुलं पायदळी येऊ नयेत म्हणून बांधायची आणि मग गाठ सोडायला कुणाला सवड नसते. तू मला आधी सांगून पाहिलंस. म्हणालास, "हे मी बोललो तं झगडा हाये. तुमी बोलले तं सल्ला हाये." इतकं साधं आणि इतकं खरं. मी हो हो म्हणालो आणि गेलो नाही. शेवटी गणपतीच्या दिवसांत तूच जाऊन उभा राहिलास, हात जोडून, "दादा, फुलं सोडा, थैली मले द्या" म्हणत. बऱ्याच जणांनी दिल्याही. एक जण मात्र म्हणाला, "चाचा, आमच्या देवाचं आम्ही पाहू."

मी दहा पावलांवर होतो. स्कूटर चालू होती. तू माझ्याकडे पाहिलंस, सभेत पाहिलं होतंस तसंच. मी त्या माणसाला शाळेत शिकवलं होतं, माझ्या एका शब्दासरशी तो खाली मान घालून गाठ सोडत बसला असता. मी स्कूटर वळवली. माझ्या हँडलालाही निर्माल्याची पिशवी अडकवलेली होती. दोन दिवसांनी, तू वर्कशॉपमध्ये असताना, मी ती येऊन नदीत टाकली. गाठ न सोडता. एवढं करूनही संध्याकाळी चहाला तुझ्याकडेच गेलो.

अर्जांचं तर काय सांगावं. जाळीसाठी तू दर वर्षी एक अर्ज लिहायचास आणि माझ्याकडे आणायचास. मी लाल पेन काढायचो. तू लिहायचास, 'दर्यातले कासव', 'आपली घाण दर्यात जाते'. मी दर्या खोडून समुद्र लिहायचो. पुढच्या वर्षी पुन्हा दर्या. एकदा मी वैतागून म्हणालो, अरे, सरकारी अर्जात दर्या नाही चालत. तू नेहमीसारखा शांतपणे म्हणालास, "आमच्या घरी उर्दूत दर्या म्हंजे नदी. तुमच्या मराठीत दर्या म्हंजे समुद्र. एकाच शब्दात दोन्ही आले. मंग कायले अलग करता?"

तुझं सगळं म्हणणं त्या एका शब्दात होतं, की आपला नाला आणि तो समुद्र एकच पाणी आहे. जन्मभर मराठी शिकवून मला असा शब्द सुचला नाही, आणि तुला सुचलेला मी वर्षानुवर्षं खोडत राहिलो. अर्ज शुद्ध करून मी परत द्यायचो. तू कागद उलटसुलट पाहायचास आणि विचारायचास, "अन् सही?" खाली गल्लीतल्या लोकांच्या सह्या लागायच्या. तुझ्या घरचे आणि आणखी दोन-तीन जण करायचे. मी म्हणायचो, पुढच्या खेपेला. पेन्शनीचा माणूस, कशाला कचेरीच्या डोळ्यावर या. तू मला तो कागद शुद्धलेखन तपासायला कधीच आणला नव्हतास, रशीद. तू सही मागायला यायचास.

जाळी अखेर तूच केलीस. जुन्या चेसिसचे अँगल, जाड जाळी, स्वतःचं वेल्डिंग. कचेरीतल्या साहेबांनी तोंडी हो म्हटलं, लावा बुवा. साफ करायला दोन माणसं नेमा म्हणून तू पुन्हा अर्ज केलास, तोही तसाच गेला. मग रोज सकाळी तूच दाताळं घेऊन नाल्यात उतरायचास. वय सत्तरीला आलेलं. काढलेला कचरा काठावर वाळत घालायचास आणि मला नेऊन दाखवायचास: पिशव्या, फवारणीच्या औषधाच्या बाटल्या, थर्माकोल, चपला. म्हणायचास, "एवढं तं नाई गेलं ना." गेल्या पावसाळ्यात नाला एकदाही तुंबला नाही. यंदाही तुंबला नव्हता, तुला ताप येईपर्यंत.

यवतमाळच्या दवाखान्यात तुला न्यायला गाडी आली, तेव्हा मी दाराशी होतो. भाभी पिशवी भरत होत्या. तू गाडीत बसता बसता म्हणालास, "मास्तर, दोन-चार रोज जाळीकडे पाहा बरं. सकाऊन एक चक्कर." मी म्हणालो, तू काळजी करू नकोस.

पहिल्या दिवशी माझा गुडघा दुखत होता. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. तिसऱ्या दिवशी मी छत्री घेऊन नाल्यापर्यंत गेलो, जाळीला चिकटलेला तो थर पाहिला, वास आला आणि माघारी फिरलो. मनात म्हटलं, कुणाला तरी सांगतो. त्याच दुपारी आभाळ फाटलं. पाणी जाळीवरून मागे फिरलं आणि गल्लीत शिरलं, सात घरांत. माझ्या घरात गुडघ्याएवढं. सुधाची शिलाई मशीन भिजली, खालच्या फळीवरची सगळी पुस्तकं गेली. मी पलंगावर उभा राहून पाहत होतो आणि शिव्या देत होतो. नाव तुझं घेत होतो.

संध्याकाळी गल्लीतली मंडळी जमली. जाळी काढून टाकावी असा अर्ज कुणीतरी वहीच्या पानावर लिहून आणला. मला म्हणाले, सर, जरा पाहून द्या. मी पाहून दिला. दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. मग म्हणाले, सुशिक्षित माणसाची सही वर असू द्या, वजन पडतं. आणि मी सही केली. पहिल्या नंबरला, ठळक, तारखेसकट. गुडघा दुखत नव्हता, पेन्शनीची भीती वाटली नाही. जाळीचा काही दोष नव्हता हे तिथं फक्त मला माहीत होतं. तिला तीन दिवस कुणी साफ केलं नव्हतं आणि ते काम तू मला सांगून गेला होतास. एवढं बोलायला तोंड उघडलं असतं तर लोकांनी दाताळी आणली असती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गॅस कटरनं जाळी कापून काढली. मी अंगणात पुस्तकं वाळत घालत होतो, आवाज ऐकू येत होता.

पाचव्या दिवशी मी यवतमाळला आलो. तेवढा एकदाच आलो. तू निम्मा राहिला होतास. नाकात नळी होती, भाभी उशाशी बसल्या होत्या. मी तब्येत विचारली, तर हातानं ते उडवून लावलंस आणि विचारलंस, "जाळी?"

मी बसमध्येच शब्द निवडून ठेवला होता. मराठीचा मास्तर, नेमका शब्द निवडायची मला सवय. म्हणालो, "नाला एकदम साफ आहे, रशीद." तो साफ होताच. सगळं वाहून गेलं होतं.

तू माझ्याकडे पाहिलंस. पुलावर पाहिलं होतंस तसं नाही. मग विचारलंस, "तुमी सोता उतरले?"

मी म्हणालो, हो.

तुझे डोळे भरून आले. माझा हात धरून तू भाभींकडे वळलास. "पाह्यलं? मी म्हणत होतो ना, मास्तर आपलेच हाये. टाइम लागते त्याहिले." भाभींनी माझ्याकडे पाहून हात जोडले. मी तो नमस्कार घेतला.

दोन दिवसांनी तू गेलास. मिट्टी द्यायला मी आलो होतो, तीन मुठी टाकल्या. भाभी अजून यवतमाळलाच लेकीकडे आहेत, त्यांना जाळीचं कुणी सांगितलेलं नाही. इकडे आल्या की कळेल, आणि अर्जावर पहिली सही कुणाची हेही कळेल. त्याआधी तुला सांगावं म्हणून लिहिलं. माफी मागत नाही. मागितली असती तर तू लगेच दिली असतीस, आणि मला ती तेवढ्या स्वस्तात नको आहे.

काल दिवसभर पाऊस होता. नाला काठोकाठ भरून वाहिला, पिशव्या, बाटल्या, सगळं घेऊन खुनीकडे गेला आणि कुठं अडला नाही. माझं घर कोरडं आहे.